भाजी भरलेले आम्लेट, तव्यावरच सारखे वाटे

नळाचा दिवस असला की सकाळी कोणाच्याच घरी नाश्ता धड होत नाही. पोरं चहात टोस बुडवून शाळेत पळतात, घरधनी उभ्या-उभ्या कपभर चहा घेऊन निघतो आणि बाई अकरापर्यंत निव्वळ चहावर. अकोल्याच्या दालमिलमध्ये जाणारी असो की अमरावतीत चार घरची धुणीभांडी करणारी, आपल्या वस्त्यांमधली सकाळ सारखीच.

घरात अंडे येत नाही असे नाही. येतात, पण दोन-तीन. मग एक पोराला, एक त्याच्या बापाला, पोरीला अर्धे आणि मायच्या वाट्याला तव्याला चिकटलेले. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे द्यायचे सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवले, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. तेव्हा आता पोरीला अंडे मिळेल ते घरीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींचे रक्त कमी निघाले होते.

म्हणून आम्ही भरलेले आम्लेट सांगतो. चार अंडी, त्यात वाटीभर भाजी, आणि भाकरीसोबत चार-पाच माणसांचा नाश्ता होतो. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. रक्तासाठी मात्र नुसत्या अंड्यावर विसंबू नका. लोह त्यात थोडेच. ते भरायच्या भाजीतून आणायचे.

भाजी आधी करा. एक कांदा, हिरवी मिरची, दोन मुठी बारीक चिरलेली पालक किंवा मेथी लोखंडी कढईत परता. टमाटर शेवटी टाका. त्याच्या आंबटपणाने भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते, आणि कढईचेही थोडे उतरते. मोड आलेली मटकी असेल तर मूठभर वाफवून घाला. मीठ घातले की पालेभाजी पाणी सोडते, ते पूर्ण आटू द्या. इथेच बहुतेकांचे बिघडते: भाजी ओली राहिली की आम्लेट फाटते आणि मग सगळ्याची भुर्जी होते. (भुर्जीही चांगलीच, पण तिचे वाटे सारखे होत नाहीत.) रात्रीची सुकी भाजी हिवाळ्यात चालेल. वैशाखातल्या आपल्याकडच्या उन्हात रात्रभर बाहेर राहिलेली भाजी वापरू नका.

अंडी एकेक करून वाटीत फोडा. एक नासके निघाले तर चारही वाया जात नाहीत. चिमूटभर हळद, मीठ, सांबार घालून चांगली फेटा. तवा तापवून चमचाभर तेल फिरवा, आच बारीक करा आणि सगळे ओता. कडा सुटल्या, मधला भाग किंचित ओलसर राहिला की अर्ध्या भागावर भाजी पसरा, दुसरा अर्धा वरून दुमडा, झाकण ठेवून दोन मिनिटे होऊ द्या. आत कच्चे राहू नये. लहान लेकरं आणि पोटुशी बाई खाणार असेल तर आणखी मिनिटभर ठेवा.

आता उलथन्याने तव्यावरच घरातल्या माणसांइतके सारखे तुकडे करा. ताटात काढून मग वाटायला गेले की जुनीच वाटणी होते, हे आम्ही आमच्याही घरी पाहिले आहे. करणारीचा तुकडा सर्वांत आधी झाकून ठेवा, कारण ती शेवटी बसणार.

सोबत ज्वारीची भाकर. चहा लगेच नको, तासाभराने घ्या. जेवणासोबतचा चहा भाजीतले लोह अंगी लागू देत नाही. सकाळी खायला उसंतच नसेल तर तुकडा भाकरीत गुंडाळून कामावर न्या, पण उन्हाळ्यात दोन तासांच्या आत खाऊन टाका.