विंचवाचे बिऱ्हाड घाटवाटेला

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण म्हणतो ते वाईट दिवसांबद्दल. पण घरच चाकांवर बसवले आणि वाशांसकट, गाद्या-भांड्यांसकट सगळेच हौसेने फिरायला निघाले तर? कॅम्परव्हॅन नावाचे हे फिरते बिऱ्हाड आता आपल्याकडेही दिसू लागले आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये अशा पर्यटनासाठी धोरणे जाहीर केली. बंगळुरातही अशा गाड्या भाड्याने मिळतात.

हेब्बाळचा उड्डाणपूल हा बंगळूरचा जणू उत्तर दरवाजा. येथून बल्लारी रस्त्याला लागले की देवनहळ्ळीमार्गे सुमारे पन्नास किलोमीटरवर नंदी हिल्स. पश्चिमेला वळले तर नेलमंगला, हासन, बेलूर करीत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चिक्कमगळूर. म्हैसूरची वाट धरली तर कोडगू नाहीतर उटी. डोंगर हवा असलेल्या कुटुंबाला यापेक्षा सोयीचे ठिकाण कोणते?

सोय नेमकी कोणाची?

फोर्स ट्रॅव्हलरसारख्या लांब गाडीच्या सांगाड्यावर ही व्हॅन बांधतात. आत दोन ते चार जणांच्या झोपण्याची सोय, ओटा, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह. जाहिरातीत चकाकते ती गादी आणि खिडकीतला सूर्योदय. पण कुटुंबाला खरा उपयोग होतो तो त्या चिमुकल्या स्वच्छतागृहाचा.

लांबच्या प्रवासात घरातली बाई सकाळपासून पाणी बेताने पिते. कारण सांगायला नकोच. गुडघेदुखीच्या आजींना रस्त्याकडेच्या स्वच्छतागृहात बसता येत नाही, मधुमेहाच्या आजोबांना तासाभराने थांबावे लागते. ‘तुम्ही जा, मी घर सांभाळते’ असे म्हणून मागे राहणाऱ्या कितीतरी आजी केवळ या अडचणीपोटी मागे राहतात. त्यांना डोंगर दाखवायचा असेल, तर हे वाहन चैनीचे नाही, गरजेचे ठरते.

बिऱ्हाड आपले, जागा कोणाची?

मात्र हॉटेलची गरज संपली म्हणजे मुक्कामाचा प्रश्न सुटला, असे नव्हे. ‘आवडेल तिथे गाडी लावू’ हे ऐकायला गोड वाटते. डोंगरात ते सहसा जमत नाही. नंदी हिल्सच्या माथ्यावर आरक्षण असलेल्या पाहुण्यांशिवाय रात्री कोणाला राहता येत नाही. उटीच्या वाटेवरचे बंडीपूरचे जंगल रात्री नऊ ते सकाळी सहा खासगी वाहनांना बंद असते. वन्यप्राण्यांच्या जिवासाठी २००९ मध्ये लागू झालेली ही बंदी कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कायम केली. निलगिरी जिल्ह्यात शिरण्यासाठी ७ मे २०२४ पासून ई-पास लागू झाला, तो मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने.

घाटात रस्त्याच्या कडेला मुक्काम तर नकोच. पावसाळ्यात मुळीच नको. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगूने दरडींचा जो कहर पाहिला, तो विसरण्याजोगा नाही. त्यापेक्षा कॉफीच्या मळ्यातील होमस्टेचे अंगण किंवा पर्यटन महामंडळाच्या निवासाचे आवार बरे. आधी फोन करून विचारावे: एवढी लांब, उंच गाडी फाटकातून आत येईल का? विजेची जोडणी आणि पाणी मिळेल का?

चढताना जो गिअर, उतरताना तोच

अशी गाडी उंच आणि जड असते. शंभर लिटर पाणी भरले की शंभर किलो वजन वाढलेच. म्हणूनच उतारावर जुन्या चालकांचा नियम पाळावा: ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. समोरून चढणारे वाहन आले तर वाट त्याला द्यावी. गाडी चालू असताना कोणी गादीवर लोळू नये, ओट्यावर चहा ठेवू नये. सगळ्यांनी पट्टे लावून बसावे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. त्यामुळे जमिनीलगतची झडप अंथरुणाने बुजवू नये. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे तर जिवावर बेतू शकते.

काही वाटा या गाडीसाठी नाहीतच. आगुंबे घाटाची वळणे इतकी आखूड, की अवजड वाहनांना तेथे मज्जाव आहे. सुमारे १९२५ मीटर उंचीच्या मुळ्ळय्यनगिरीचा शेवटचा रस्ता अगदी अरुंद. तेथे बिऱ्हाड पायथ्याशी ठेवून स्थानिक जीप करावी. त्यात कमीपणा नाही.

टाकी कुठे रिकामी करणार?

हा प्रश्न विचारायला सगळेच लाजतात. स्वच्छतागृहाची टाकी चौघांच्या वापराने दोन-तीन दिवसांत भरते. ओट्याचे पाणी निराळे. अंधारात कुठल्याशा ओढ्याकाठी ती उपडी केली, तर ते पाणी जाते कुठे?

उत्तर हेब्बाळकरांच्या नळातच आहे. नंदीच्या डोंगरात अर्कावती उगम पावते. तिच्यावरच्या हेसरघट्टा तलावातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. आज शहर मुख्यतः कावेरीचे पाणी पिते, आणि कावेरी उगम पावते कोडगूत, तलकावेरीला. म्हणजे आपण सहलीला जातो ते डोंगर आपलेच पाणवठे. शिवाय हेब्बाळ-नागवार खोऱ्यातील सांडपाणी प्रक्रिया करून चिक्कबळ्ळापूर भागातील तलावांत सोडले जाते. शहराचे सांडपाणी शुद्ध करण्यासाठी एवढी यंत्रणा राबत असताना आपण आपली टाकी डोंगरावर ओतावी?

म्हणून टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या जागी, यजमानांना विचारून, मैल्याच्या टाकीला जोडलेल्या संडासातच. त्यात तीव्र रसायने घातली असतील तर तेही त्यांना सांगावे. तशी सोय नसेल तर ती तशीच परत आणावी.

भाड्याने गाडी घेताना नंबरपाटीही पाहावी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडकू शकतो.

आणि निघण्याच्या आदल्या रात्री एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: मुक्काम कुठे, घाट कोणता, टाकी कुठे रिकामी होणार. तिन्हींची उत्तरे हाती असतील, तर सकाळी आजींना खुशाल खिडकीपाशी बसवावे. वाटेत त्यांनी पोटभर पाणी प्यायला हरकत नाही.