आधारचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी



सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हाची धावपळ तुम्हाला आठवत असेलच. एकीकडे पावसानं शेतं पाण्यात, दुसरीकडे मोबाइलवर वेबसाइट उघडेना. उघडली तर ओटीपी येईना. कुणी पहाटे चारला उठून फॉर्म भरायची, कुणी रात्री बाराला. शिवाय स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी लागत होता. नेमकं त्याच दिवसांत मोबाइलवर लिंका फिरायला लागल्या, "इथं दाबा, दोन मिनिटांत केवायसी". दिसायला हुबेहूब सरकारी, पण खोट्या वेबसाइट निघाल्या आणि सरकारला सांगावं लागलं की फक्त अधिकृत वेबसाइटच वापरा.

त्या गडबडीत एक चूक मीही केली. ती आधी सांगते, मग बाकीचं.

मी ग्रामसंघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "सगळ्यांनी आधारचा पुढचा-मागचा फोटो आणि पासबुकचं पहिलं पान टाका, मी एकेकीचं भरून देते." माझा हेतू चांगला होता. दोन दिवसांत साठच्या वर फोटो आले. तिसऱ्या दिवशी एका गटाच्या सचिव ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, ग्रुपात तो शेवटचा नंबर कुणाचा आहे हो?" मी यादी उघडून बसले. एक नंबर निघाला तीन वर्षांपूर्वी गट सोडून गेलेल्या ताईच्या मुलाचा. तो आता पुण्याला असतो. दुसरा नंबर कुणाचा ते आजपर्यंत कळलेलं नाही. आणि त्या दोघांकडे आमच्या साठ बायांचे आधार नंबर, जन्मतारखा, पत्ते, खाते नंबर जाऊन बसले होते.

आम्ही सगळे फोटो काढून टाकले. पण व्हॉट्सअॅपवर "डिलीट फॉर एव्हरीवन" हे साधारण दोन-अडीच दिवसांपर्यंतच चालतं. शिवाय तेवढ्यात कुणी फोटो पुढे पाठवला असेल किंवा वेगळा ठेवून घेतला असेल, तर तो तिथं राहतोच. आजवर कुणाचं नुकसान झाल्याचं समोर आलेलं नाही, पण माझी झोप उडाली होती हे खरं.

आता प्रश्न येतो, आधारच्या फोटोनं असं काय होतं? खरं सांगायचं तर नुसत्या आधार नंबरानं कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही. त्याला ओटीपी लागतो किंवा तुमचा अंगठा लागतो. म्हणून उगाच घाबरून जायचं कारण नाही. पण विचार करा, उद्या फोन आला आणि समोरचा माणूस तुमचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, बँकेची शाखा, आधारचे शेवटचे चार अंक असं सगळं बिनचूक सांगतोय. वर म्हणतोय, "ताई, तुमचा हप्ता अडकलाय, आत्ता एक नंबर आला असेल तो सांगा." आपल्याला वाटणारच की हा ऑफिसातलाच माणूस आहे. फोटोतली माहिती चोराला लागते ती अशी आपला भरोसा बसवायला. कुलपाची किल्ली अजून तुमच्याच हातात असते, तो ती तुमच्याकडूनच मागून घेतो.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं आता ठराव केलाय. कागदपत्रं ग्रुपवर टाकायची नाहीत. ज्या ताईला द्यायची तिच्या हातात झेरॉक्स द्यायची, आणि झेरॉक्सवर पेनानं आडवं लिहायचं, "फक्त गटाच्या कर्ज प्रस्तावासाठी, दिनांक अमुक". लिहिलेल्या कागदाची दुसरीकडे वापरायची सोय राहत नाही. मोबाइलवरच पाठवायची वेळ आली तर एकटीला पाठवायची आणि काम झालं की दोघींनी आपापल्या फोनमधून काढून टाकायची. जिथं पूर्ण आधार नंबराची गरज नाही, तिथं मास्क्ड आधार चालतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. मायआधार वेबसाइटवरून ओटीपी टाकून ते उतरवून घेता येतं. फाइल उघडताना पासवर्ड मागते. तो म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि पुढे जन्माचं साल. आमच्याकडे निम्म्या बाया तिथंच अडकल्या होत्या, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ग्रुप चालवणाऱ्या ताईंसाठी थोडं. ग्रुपच्या नावावर दाबलं की खाली परवानग्यांची जागा दिसते. तिथं "नवीन सदस्य कोण जोडणार" हे फक्त अॅडमिनकडे ठेवा. "अप्रूव्ह न्यू मेंबर्स" चालू केलं की लिंकवरून कुणी आलं तरी तुम्ही हो म्हटल्याशिवाय आत येत नाही. आणि दर सहा महिन्यांनी, हिशोबाची वही तपासतो तशी नंबरांची यादीही तपासा. गट सोडून गेलेल्यांचे, बंद पडलेले नंबर काढा. बरेच दिवस रिचार्ज केलं नाही की नंबर बंद होतो आणि पुढे कंपनी तोच नंबर दुसऱ्या माणसाला देते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

आता प्रत्येकीच्या स्वतःच्या व्हॉट्सअॅपचं. सेटिंगमध्ये प्रायव्हसी आहे, मराठीत लावलं असेल तर गोपनीयता. तिथं प्रोफाइल फोटो, स्टेटस, शेवटचं कधी पाहिलं, हे कुणाला दिसावं ते ठरवता येतं. "माय कॉन्टॅक्ट्स" केलं की फक्त ज्यांचे नंबर तुम्ही सेव्ह केलेत त्यांनाच दिसतं. त्याच पानावर "ग्रुप्स" आहे, तेही तसंच करून घ्या, म्हणजे कुणीही अनोळखी माणूस तुम्हाला कसल्यातरी कमाईच्या ग्रुपात ओढणार नाही.

पण माझ्या मते या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं एक सेटिंग आहे, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सेटिंग, मग अकाउंट, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन. तिथं सहा अंकी पिन तुम्ही स्वतः ठरवायचा. आजकाल ओळखीच्या बाईच्याच नंबरावरून मेसेज येतो, "अगं, चुकून तुझ्याकडे एक कोड गेलाय, पाठव ना." तो कोड पाठवला की तुमचं व्हॉट्सअॅप दुसऱ्याच्या फोनमध्ये चालू होतं, आणि मग तुमच्या नावानं सगळ्या गटाला "पाच हजार पाठव, दवाखान्यात आहे" असे मेसेज जातात. पिन लावलेला असेल तर नुसत्या कोडनं काम होत नाही. सोबत "लिंक्ड डिव्हाइसेस" एकदा बघा. तिथं तुम्ही न जोडलेला कॉम्प्युटर किंवा फोन दिसला तर लॉग आउट करा. सेतू केंद्रावर प्रिंट काढायला व्हॉट्सअॅप जोडतो आणि तसंच चालू ठेवून घरी येतो, हे तर आपल्या सगळ्यांकडून झालेलं आहे.

सगळंच झाकून ठेवायचं असंही नाही बरं का. ज्या ताया पापड, मसाला, गोधड्या, पैठणी विकतात त्यांना तर गिऱ्हाइकानं शोधावं असंच वाटतं. त्यांनी दुसरं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस चालवावं. एकाच फोनमध्ये दोन्ही चालतात. पिशवीवर छापायचा तो धंद्याचा नंबर. बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर पिशवीवर नको.

यावरून मूळ दुखण्यावर येते. तुमच्या बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर कुणाचा आहे?

ई-केवायसीच्या वेळी हे उघडं पडलं. खातं बाईचं, आधार बाईचं, पण ओटीपी जातोय मुलाच्या फोनवर, आणि मुलगा वाळूजला कंपनीत ड्यूटीवर. मोबाइल आत जमा. ओटीपी दहा मिनिटांत संपतो. एका ताईचा तर नंबर दिराचा होता आणि दिराशी बोलणं बंद. पैसे कधी आले, किती काढले, याचे मेसेजही दिरालाच. यात कुणाच्या घरात भांडण लावायचा हेतू नाही. पण ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात खातं, हे साधं गणित आहे. आपलं सिम आपल्या नावानं घ्या. आधार केंद्रावर जाऊन आधारला तो नंबर जोडा. त्याची फी ७५ रुपये आहे, जास्त मागितले तर पावती मागा. आधारची हेल्पलाइन १९४७ आहे. मग पासबुक घेऊन बँकेत जा आणि तिथंही नंबर बदलून घ्या. आधारला बदलला म्हणजे बँकेत आपोआप बदलत नाही.

तुमच्या नावावर आणखी कुणी सिम घेतलंय का, हेही बघता येतं. केंद्र सरकारचं संचार साथी नावाचं पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, आता अॅपही आहे. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरचे सगळे नंबर दिसतात. जो आपला नाही त्याच्यापुढे "माझा नाही" असं कळवायचं. हरवलेला फोनही तिथूनच बंद करता येतो.

अंगठ्याचं एक वेगळंच आहे. बीसीकडे अंगठा लावून पैसे काढणं सोपं, पण "लागला नाही, परत लावा" असं म्हणून दोनदा पैसे कापल्याचे प्रकार होतात. दर वेळी पावती घ्या, मशीनवरचा आकडा वाचा. वाचता येत नसेल तर सोबत बँक सखीला किंवा शिकलेल्या मुलीला न्या. आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे, म्हणजे तुमचा अंगठा कुठंच चालत नाही. ऐकायला छान वाटतं, पण मग रेशन दुकानावरही तो चालत नाही. तिथं लावायच्या आधी काही मिनिटांपुरतं उघडावं लागतं. ज्यांना स्वतः अॅप चालवता येतं त्यांनी जरूर लॉक करावं. बाकीच्यांना मी आग्रह करत नाही, रेशनच्या रांगेतून परत यावं लागलं तर मलाच बोलणी बसतील. मायआधार वेबसाइटवर मागच्या सहा महिन्यांत आपलं आधार कुठं कुठं वापरलं गेलं त्याची नोंद मात्र सगळ्यांना बघता येते. तेवढी बघत जा.

खोटी लिंक कशी ओळखायची? आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा आधी नाव, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, शेवटी जिल्हा. पोस्टमन आधी शेवटचं बघतो. वेबसाइटचा पत्ताही तसाच शेवटाकडून वाचायचा. पहिली एकटी तिरपी रेघ जिथं येते तिच्या आधीचा शेवट "डॉट गव्ह डॉट इन" असेल तर ते सरकारी. लाडकी बहीणच्या खऱ्या पत्त्याचा शेवट "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन" असाच आहे. सुरुवातीला लाडकी बहीण, महाराष्ट्र, गव्ह असं काहीही कुणीही लिहू शकतो, त्यावर जाऊ नका.

आणि एपीके. फाइलच्या नावाच्या शेवटी हे तीन अक्षरी शेपूट असेल तर ती फाइल म्हणजे अॅप असतं. लग्नपत्रिका, पीएम किसान, गाडीचं चलान, अशा नावांनी ती येते. लग्नपत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. हे अॅप बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की तुमचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. तुम्हाला कुणी फोनही करत नाही. चुकून बसवलंच तर आधी नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग ते अॅप काढा.

मोबाइलवरच्या झटपट कर्जाबद्दल एवढंच सांगते. कर्ज देणाऱ्या अॅपनं तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो घेऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे. जे अॅप ते मागतं ते उद्या तुमच्या माहेरच्यांना फोन करून बदनामी करणार, हे समजून जा. आपल्या गटाचं कर्ज आहे की.

यूपीआयचं तर तुम्ही हजारदा ऐकलंय: पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. तरी "बक्षीस घ्यायला पिन टाका" म्हटलं की बोट पिनकडे जातंच.

एवढं करूनही पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका. सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. घरी बोलणी बसतील म्हणून बाई चार दिवस सांगत नाही आणि तोवर पैसे पाच खात्यांतून फिरून निघून जातात. लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. सोबत बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच माणसानं पैसे काढले आणि तुम्ही बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे तेव्हाही जितकं लवकर कळवाल तितकं वाचतं.

येत्या मासिक बैठकीत व्याज-हप्त्याचं काम झालं की अर्धा तास यासाठी ठेवलाय. फोन चार्ज करून आणा, सोबत पासबुक आणा. टू-स्टेपचा पिन घरूनच ठरवून या आणि मला सांगू नका. सचिव तायांनी १९३० आणि १९४७ हे दोन नंबर प्रोसिडिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावेत.