सिल्व्हियाचा चेहरा आणि आर200चं कोडं

जपानच्या उसुई घाटात निळी 'सिलएटी' आडवी करत नेणाऱ्या दोन मुली 'इनिशियल डी' या जपानी चित्रमालिकेने जगभर पोचवल्या. तेव्हापासून एक समज पक्का झाला आहे: निसानच्या एस चासीच्या गाड्या म्हणजे मुलांचे खेळण्यातले ठोकळे, कुठलाही काढा आणि कुठेही बसवा. या समजात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेल्या अर्ध्यात लोकांचे पैसे बुडतात.

आधी खरा भाग. एस13 सिल्व्हिया 1988 मध्ये आली आणि त्या वर्षी जपानची 'कार ऑफ द इयर' ठरली. पुढच्या वर्षी तिचीच बहीण 180एसएक्स आली. हिचे दिवे बॉनेटमधून वर येणारे आणि मागचा दरवाजा काचेसकट उचलला जाणारा. अमेरिकेत याच कुटुंबाला 2.4 लिटरचं इंजिन देऊन 240एसएक्स म्हणून विकलं. कूपे असो वा फास्टबॅक, तिथे दोघींना नाक मात्र 180चंच. पुढचा सांगाडा मुळात एकच असल्यामुळे सिल्व्हियाचं नाक 180ला आणि 180चं सिल्व्हियाला बसतं. घाटात 180चं नाक फुटलं की वर-खाली होणाऱ्या दिव्यांची मोटर आणि बिजागऱ्या महागात पडत. स्थिर दिव्यांचं सिल्व्हियाचं नाक हलकंही आणि स्वस्तही. त्यातूनच सिलएटी जन्मली. 'किड्स हार्ट' या जपानी दुकानाने 1998 मध्ये अशा तयार गाड्या मोजक्या संख्येने विकल्यासुद्धा.

आता गैरसमज. 'फक्त हेडलाइट बदलले की झालं.' नाही. बॉनेट, दोन्ही फेंडर, दिवे, त्यांच्या पट्ट्या, बंपर आणि त्यामागचा लोखंडी बार हा सगळा एक संच आहे. एस14च्या बाबतीत ही चूक जास्त होते, कारण तिथे चासीचा नंबर तोच असून चेहरे दोन आहेत. 1993 ते 1996 हा पहिला, त्याला जपानी लोक झेन्की म्हणतात, आणि 1996 नंतरचा कौकी. कौकीचे डोळे तिरके आणि बारीक, म्हणून फेंडरची कड आणि बॉनेटची पुढची रेघही वेगळी. स्वस्तात मिळाला म्हणून झेन्कीच्या गाडीवर कौकीचा एकच फेंडर आणणाऱ्याला पुढे संपूर्ण नाक विकत घ्यावं लागतं.

'एस13, एस14, एस15, सगळी सिल्व्हियाच. थोडं घासलं की बसेल.' इथे टेप काढावी. एस13ची रुंदी 1690 मिलिमीटर, एस14ची 1730. जपानमध्ये 1700 ओलांडलं की गाडी वरच्या वर्गात जाते. एस14ने ती रेषा ओलांडली, तर 1999 ची एस15 पुन्हा 1695 वर आली. आता कुणी म्हणेल, एस13 आणि एस15 यांच्यात फरक फक्त पाच मिलिमीटरचा, मग नाक बदलायला हरकत काय? हरकत अशी की एस15 उभी आहे एस14च्या व्हीलबेसवर, म्हणजे 2525 मिलिमीटरवर, आणि एस13चा आहे 2475. दाराची पुढची कड, फेंडरचा उतार, बोल्टची भोकं, सगळं निराळं. एस15चा चेहरा एस13वर दिसतो तो खास बनवलेल्या फेंडरच्या जोरावर, कंपनीच्या पत्र्यावर नव्हे. एकूण रुंदी जुळली म्हणून भोकं जुळत नाहीत, आणि पत्रा अडकतो तो भोकांत.

फायबरच्या भागांबद्दल बोलताना डेंटर-पेंटरची बाजू मी घेतो. 'दुकानदाराने सांगितलं डायरेक्ट फिट आहे, तुम्हीच बिघडवलं' हे वाक्य त्या बिचाऱ्याला वर्षभर ऐकावं लागतं. फायबरचा बंपर साच्यातून पुरता न सुकताच निघतो, सुकताना ओढला जातो, आणि जुन्या साच्यातून काढलेल्याची तर कडही गोल होते. म्हणून तो आला की आधी रंगाशिवाय गाडीवर चढवायचा. बॉनेट बंद करून दोन्ही बाजूंची फट बोटाने चाचपायची, चाकाच्या कमानीपाशी कड फेंडरला समांतर जाते का बघायचं, मग घासायचं, भरायचं, परत चढवायचं. हे सगळं उरकल्यावर प्रायमर. रंग देऊन मग बसवायला घेतला, तर पहिल्याच भोकाला तडा जातो. आणखी एक: बंपर बसत नाही म्हणून त्यामागचा लोखंडी बार काढून टाकणारे भेटतात. धक्का सोसायचं काम त्या बारचं होतं, फायबरचं नव्हे. तसंच हलक्या कार्बन बॉनेटला पिना लावल्याशिवाय हायवेवर नेऊ नये. जुन्या कुलपाच्या भरवशावर बॉनेट उघडून काचेवर आलं तर समोरचं काहीच दिसत नाही.

चेहरा चुकला तर गाडी वाईट दिसते. मागच्या धुऱ्याचा डिफरेंशियल चुकला तर गाडी वाईट चालते, आणि इथे गैरसमजांची रांग लांब आहे.

'एलएसडी बसवला की ताकद वाढते.' इंजिनची ताकद तेवढीच राहते. साधा, म्हणजे ओपन डिफरेंशियल दोन्ही चाकांना जवळपास सारखाच जोर देतो. एक चाक वाळूवर किंवा हवेत गेलं की त्याला जितका जोर सोसतो, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो, म्हणजे फार थोडा. एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेंशियल, पकड असलेल्या चाकाकडे जोर वळवतो. वळणातून बाहेर पडताना फरक जाणवतो, सरळ कोरड्या रस्त्यावर फारसा नाही.

सेकंडहँड गाडीत 'एलएसडी आहे' असं कुणी सांगितलं तर तपासणी सोपी आहे. मागची दोन्ही चाकं उचला, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट फिरलं तर डिफरेंशियल साधा आहे, किंवा एलएसडी असून थकला आहे, किंवा तो हेलिकल प्रकारचा आहे, जो धडधाकट असूनही असं वागू शकतो. त्याच दिशेने फिरलं तर आत काहीतरी काम चालू आहे. थकण्याची गोष्ट खास व्हिस्कस एलएसडीची. टर्बो सिल्व्हियाबरोबर आलेला हा प्रकार घट्ट सिलिकॉन तेलावर चालतो, आणि तीस वर्षांनी ते तेल म्हातारं झालेलं असतं.

हेलिकल किंवा टॉर्सन, जो एस15 स्पेक-आरमध्ये आहे, तो गिअरच्या दातांवर चालतो. तो शांत, टिकाऊ आणि रोजच्या वापराला उत्तम. मात्र एक चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हात टेकतो, कारण कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या काही पटच तो दुसऱ्याला देतो, आणि शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच. क्लच प्लेटचा प्रकार मात्र तेव्हाही जोर देत राहतो, म्हणून ड्रिफ्टवाल्यांचा आवडता. त्यात 'वन वे' फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर घट्ट होतो, 'टू वे' सोडल्यावरही तेवढाच, आणि 'वन पॉइंट फाइव्ह' सोडल्यावर कमी. नवा क्लच प्लेट एलएसडी पार्किंगमध्ये वळताना 'कट-कट' करतो, आणि मालक घाबरून तो परत पाठवायला निघतो. ती प्लेटची सवय असते, बिघाड नव्हे. आठच्या आकड्यात सावकाश गाडी फिरवून प्लेटा बसवायच्या, मग ते पहिलं गिअर ऑइल काढून टाकायचं.

वेल्डिंग करून डिफरेंशियल कायमचा बंद करणाऱ्यांबद्दल एवढंच: मैदानावर चालतं. पावसाळी रस्त्यावर दोन्ही चाकं वळणात एकाच वेगाने फिरवणं म्हणजे टायर घासणं, ॲक्सलवर ताण आणणं आणि मागची बाजू निसटायला आमंत्रण देणं.

सर्वांत महाग गैरसमज हा: 'आर200 म्हणजे आर200.' हा आकडा क्राऊन व्हीलच्या साधारण व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. त्याच मापाचा डिफरेंशियल निसानने कितीतरी गाड्यांत वापरला, म्हणून लोक इन्फिनिटी जे30 किंवा क्यू45चा डिफरेंशियल मोडीतून काढून एस13ला बसवतात. पण कव्हर मागच्या माउंटला जुळतं का, ॲक्सलच्या फ्लँजला बोल्ट पाच की सहा आणि ते कोणत्या रचनेत, एबीएस सेन्सर कुठे, क्राऊन व्हीलच्या बोल्टचा व्यास किती, ही सगळी ठिकाणं वेगळी निघू शकतात. ट्विन टर्बो 300झेडएक्सचा तर आर230, म्हणजे मापच मोठं.

शिवाय रेशो. 240एसएक्समध्ये 4.083, क्यू45मध्ये 3.54च्या आसपास, एस15 स्पेक-आरच्या सहा गिअरमागे 3.692. आकडा मोठा तर उचल जास्त आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरे जास्त. 'कमी रेशो म्हणजे टॉप स्पीड वाढला' असं म्हणणाऱ्याकडे तेवढा वेग गाठायला ताकद आहे का, हे आधी विचारावं. 4.083 काढून 3.692 लावला की इंजिनचे फेरे साधारण दहा टक्के उतरतात. आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून चालत असल्यामुळे खरे 100 असताना काटा 90च्या जवळ थांबतो. पोलिसांचा कॅमेरा ती सबब ऐकत नाही.

एलएसडी जुन्याच हौसिंगमध्ये बसवायचा असेल तर बेअरिंगखालच्या चकत्या मोजून पिनियन आणि क्राऊन व्हीलमधली फट मिलिमीटरच्या शतांशाइतक्या बारकाईने जुळवावी लागते. दातांना रंग लावून, हाताने फिरवून ठसा कुठे पडतो ते बघावं लागतं. ठसा दाताच्या टोकाकडे किंवा बुडाकडे सरकला तर चकती बदला, परत करा. हे न करता जोडलेला डिफरेंशियल पहिल्या आठवड्यापासून रडतो.

भारतात ही हौस फारशी फुलत नाही, याची कारणं नुसती पैशांची नाहीत. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी साधारणपणे आयात करता येत नाही, त्यामुळे सिल्व्हिया इथे यायची वाट बंद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत केलेले असे बदल चालणार नाहीत, असंच सांगितलं. न्यूझीलंडसारख्या देशात, जिथे जुन्या जपानी गाड्या सर्रास मिळतात, मोठ्या बदलांना स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. तिथे हात काळे करणाऱ्या आपल्या मराठी मुलांनी ते आधी विचारून घ्यावं.

ऑर्डर द्यायच्या आधी गाडीखाली जा. चासी नंबर, फ्लँजच्या बोल्टचा फोटो आणि मागच्या कव्हरचा फोटो विकणाऱ्याला पाठवा, आणि 'बसेल' हे उत्तर त्याच्याकडून लेखी घ्या. बजेट एकाच कामाचं असेल तर डिफरेंशियल आधी, चेहरा नंतर.