मुक्काम टाकण्याआधी जागा पाहा

वर्षातून एक-दोनदा तरी आपल्या वस्तीतून गाडी निघतेच. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाडचे चवदार तळे. लॉज परवडत नाही, आणि परवडला तरी त्या दिवसांत मिळत नाही. मग टेम्पोतच झोपायचे, नाहीतर मैदानात ताडपत्री बांधून रात्र काढायची. आम्हीही अशाच रात्री काढल्या आहेत. अभिवादन करून मन भरून येते, पण घरी परतल्यावर आठवडाभर कोणाला जुलाब, कोणाला ताप, कोणाला लघवीची जळजळ. यातले बरेचसे आजारपण मुक्कामाची जागा नीट निवडली तर टळते.

गाडी थांबली की लगेच सामान उतरवू नका. दोघांनी आधी खाली उतरून पंधरा मिनिटे जागा फिरून पाहावी. त्यातली एक बाई असावी, कारण शौचालयाची अडचण बाईलाच आधी कळते.

पहिले पाणी. जवळ नळ किंवा टँकर आहे का? टँकरचे पाणी पिण्याचे आहे की वापरायचे, हे विचारून घ्या. शंका असेल तर पाणी खळखळ उकळवा. उकळणे जमत नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत. पिण्याचा कॅन वेगळा ठेवा, त्यात हात किंवा पेला बुडवू देऊ नका. १९२७ साली बाबासाहेब महाडला पाण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. ते पाणी स्वच्छ मिळावे म्हणून आग्रह धरणे हाही त्याच हक्काचा भाग आहे.

दुसरे शौचालय. ते फार लांब नको आणि अगदी शेजारीही नको. रात्री लेकीला एकटीने न घाबरता जाऊन येता येईल, वाटेत उजेड असेल, दाराला आतून कडी असेल, अशी जागा शोधा. शौचालय लांब किंवा घाण असले की आपल्या आया-बहिणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. "जायचं कुठं?" म्हणून तहान मारतात. त्यातूनच लघवीचा संसर्ग होतो, उन्हात चक्कर येते. म्हणून सावली थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण शौचालय वापरता येईल तिथेच मुक्काम टाका. साबणाची वडी आणि पाळीसाठी पॅड किंवा स्वच्छ कापड सोबत असू द्या.

तिसरी जमीन. थोडी उंचावरची, सपाट जागा निवडा. सखल भागात पाणी साचते आणि तिथे डास होतात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, मलेरियाचा रात्री. त्यामुळे दुपारी झोपलेल्या बाळावरही मच्छरदाणी हवी. दगडांचा ढीग, जुनी भिंत, उंच गवत, लाकडांची रास यांच्या कडेला अंथरूण टाकू नका. तिथे साप-विंचू असतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठा. दोरी बांधू नका, जखम कापू नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. मच्छरदाणीच्या कडा चटईखाली दाबून घेतल्या तर साप, विंचू, डास सगळ्यांपासूनच बचाव होतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी फार माणसे दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन या गोळीचा उपचार रूढ केला. उपचार आहे, पण तो दवाखान्यातच मिळतो.

चौथी गाडी आणि चूल. गाडीखाली सावली असते म्हणून पोरे तिथे आडवी होतात. हे कधीही होऊ देऊ नका. गाडीच्या मागे-पुढेही झोपू नका, आणि चाकांना दगड लावा. गाडी सुरू ठेवून आत झोपू नका. एकदा थंडी वाजते म्हणून आमच्यातल्याच काहींनी टेम्पोची ताडपत्री चारी बाजूंनी बंद केली आणि आत कोळशाची शेगडी ठेवली. थोड्या वेळाने एका मावशींचे डोके गरगरू लागले, एक मुलगा ओकला. कोणीतरी ताडपत्री उघडली म्हणून निभावले. कोळसा आणि इंजिन यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. म्हणून शेगडी, स्टोव्ह, चूल बाहेरच, आणि ताडपत्रीपासून लांब. दोन तंबूंमध्ये माणूस सहज धावत जाईल एवढे अंतर सोडा.

पाचवी माणसे. लहान मुलाच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. हरवलो तर कुठे भेटायचे, ती खूण आल्या आल्या सगळ्यांना दाखवा. आरोग्य पथकाचा तंबू कुठे आहे तेही पाहून ठेवा. रक्तदाब, साखर यांच्या गोळ्या मोठ्या पिशवीत नकोत, अंगावर असू द्या. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना तहान, थंडी आणि अति दमणूक बाधते, अंगात असह्य कळा सुरू होतात. त्यांना वरचेवर पाणी द्या, रात्री पांघरूण द्या आणि ताप आला तर वाट पाहू नका.

जुलाब सुरू झाले तर ओआरएसचे पाकीट वापरा. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमचा चहाचाच घ्या. हे पाणी घोट घोट पाजत राहा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका.

आणि घरचा कुत्रा? पोरे हट्ट करतात, "मोत्यालाही नेऊ." आमचे सांगणे असे, की मोठ्या गर्दीत त्याला नेऊ नका. भोंगे आणि ढोल यांनी तो बिथरतो, आणि बिथरलेला कुत्रा चावतो. शेजाऱ्याकडे दोन दिवसांची भाकरी आणि पाणी सांगून जा. लहान सहलीला, मोकळ्या जागी नेणार असाल तर रेबीजची लस दर वर्षी टोचलेली हवी, गळ्यात पट्टा आणि दोरी हवी, पाण्याचे भांडे वेगळे हवे. बंद गाडीत त्याला क्षणभरही ठेवू नका. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो उकाड्याने मरतो. त्याची घाण उचलून पुरा आणि कांदा असलेले उरलेसुरले त्याला घालू नका. पंचशीलातले पहिले शील रोज म्हणतो, ते मुक्या जिवालाही लागू आहे.

कुठलाही कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा झाला की माणूस वाचवणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र तो होऊच देत नाही.

अडचणीत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हा नंबर गाडीतल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

निघताना जागा आलो तेव्हा होती त्याहून स्वच्छ करून निघा. पत्रावळी, बाटल्या, बाळाचे लंगोट पोत्यात भरा. आपल्या मागून येणारेही आपलेच लोक आहेत, त्यांचीही लेकरे त्याच जमिनीवर झोपणार आहेत.

जयभीम!