शेजारच्या क्रांतीचे भय की लाभ?

शेजारी देशात क्रांती झाली की आजूबाजूच्या राजवटी शस्त्रे का उपसतात, या प्रश्नावर १७९२च्या फ्रान्सचे उदाहरण हमखास दिले जाते. क्रांतीचे लोण आपल्या सिंहासनापर्यंत पोहोचू नये म्हणून युरोपातील राजे फ्रान्सवर तुटून पडले, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा. २० एप्रिल १७९२ रोजी युद्ध पुकारले ते फ्रान्सनेच.

१७८९ मध्ये क्रांती झाली तेव्हा व्हिएन्ना वा बर्लिनमध्ये फारशी खळबळ माजली नाही. जुना प्रतिस्पर्धी घरच्या कलहात अडकला, तर ते हवेच होते. सम्राट दुसरा लिओपोल्ड हा राणी मारी आंत्वानेतचा सख्खा भाऊ. पण बहिणीसाठी सैन्य धाडण्याची त्यालाही घाई नव्हती. जून १७९१ मध्ये राजा-राणी पलायनाच्या प्रयत्नात पकडले गेले. त्यानंतर ऑगस्टमध्ये पिल्निट्झ येथे लिओपोल्ड आणि प्रशियाच्या राजाने जाहीरनामा काढला. इतर सत्ता सोबत आल्या तरच कारवाई, अशी पाचर त्यात मारलेली होती. पॅरिसमध्ये मात्र तो सरळ धमकी म्हणून वाचला गेला.

तेल ओतणारे अनेक होते. परागंदा सरदार कोब्लेन्झला फौज जमवत होते. अल्सेसमधील सरंजामी हक्क गेल्याने जर्मन राजे चिडले होते. युद्धामुळे देशातील फितूर उघडे पडतील, असे ब्रिसोचा गट सांगत होता. तर पराभव झाल्यास आपली सत्ता परत येईल, अशी दरबाराची आशा होती. दोघांनाही युद्धच हवे होते! विरोध करणाऱ्या मोजक्यांत रोबेस्पिएर होता.

प्रशियाचा हिशेब तर वेगळाच होता. फ्रान्सवरील स्वारीची भरपाई त्याला पोलंडमध्ये दिसत होती. पोलंडनेही १७९१ मध्ये नवी राज्यघटना स्वीकारली होती आणि मे १७९२ मध्ये रशियाचे सैन्य तेथे घुसले. जानेवारी १७९३ मध्ये रशिया व प्रशियाने पोलंडचे लचके वाटून घेतले.

ब्रिटन तोवर तटस्थ होते. राजसत्ता उलथली तरी लंडन हलले नाही. नोव्हेंबर १७९२ मध्ये फ्रेंच सैन्याने बेल्जियम घेतले आणि शेल्ट नदी जहाजांना खुली केली, तेव्हा मात्र व्यापार व सागरी सुरक्षितता धोक्यात आली. सोळाव्या लुईच्या शिरच्छेदानंतर ब्रिटनने फ्रेंच प्रतिनिधीला देशाबाहेर काढले. १ फेब्रुवारी १७९३ रोजी फ्रान्सने ब्रिटन आणि हॉलंडविरुद्धही युद्ध पुकारले.