काचेवरील नक्षीकाम : लेसर घ्यावे की प्लाझ्मा?

नागपूर-अमरावती महामार्गावरील तळेगाव (श्यामजी पंत) सारख्या गावात काचेचे दुकान एकाच प्रकारच्या कामावर चालत नाही. तसबिरीची फ्रेम, आरसा, ढाब्याच्या दारावरचे नाव, शाळेच्या बक्षिसाची ट्रॉफी, उर्दू अक्षरांतील नावाची पाटी, जे येईल ते घ्यावे लागते. नक्षीचे काम शहरात पाठवावे लागले की त्यातला नफाही शहरातच राहतो. म्हणून आपल्या दुकानातच यंत्र बसवावे असा विचार करणारे कारागीर बांधव 'लेसर घ्यावे की प्लाझ्मा' असे विचारतात. आमचे उत्तर लेसर असे आहे. पण त्याची कारणे समजून घेतल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

काच धुरकट करण्याच्या जुन्या रीती दोन. एक म्हणजे वाळूचा मारा. त्याच्या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी करणारा सिलिकोसिस होतो. दुसरी ॲसिडची. काच खाणारे हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोहोचते. सौम्य असेल तर सुरुवातीला आगसुद्धा होत नाही. दुखणे काही तासांनी सुरू होते आणि तोवर आत नुकसान झालेले असते. हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर तीव्र ॲसिड सांडले तरी जीव जाऊ शकतो. ज्यांच्याकडे हे ॲसिड आहे त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम दुकानात ठेवावेच. थेंब उडाला तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन, मलम लावून सरळ दवाखाना गाठावा. यंत्राचा विचार करण्याचे आमच्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

आता प्लाझ्मा. फॅब्रिकेशनच्या दुकानात पत्रा कापणारे प्लाझ्मा यंत्र असते. त्यातील विजेचा झोत पत्र्यातून वाहतो, तेव्हाच काप पडतो. काचेतून वीज वाहत नाही. तेव्हा हे यंत्र काचेवरही चालेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

काचेसाठी वेगळा प्लाझ्मा असतो. निर्वात पेटीत फ्लोरिनयुक्त वायूवर विजेचा प्रयोग केला की तो काचेतील सिलिका वायुरूपाने उडवून नेतो. इलेक्ट्रॉनिक्स आणि भिंगांच्या कारखान्यांत याने अत्यंत बारीक काम होते. छोट्या दुकानाला ते परवडणारे नाही. उघड्या हवेत चालणारा प्लाझ्माचा झोत मात्र काचेवरील तेलकट थर काढतो आणि पृष्ठभाग असा करतो की शाई व चिकटद्रव्य घट्ट बसते. काचेवर छपाईचे मोठे काम असणाऱ्यांना तो उपयोगी आहे. नक्षी त्याने होत नाही.

दुकानासाठी योग्य तो कार्बन डायऑक्साइड लेसर. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये शोधणारे कुमार पटेल हे आपल्या बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. या लेसरचा किरण १०.६ मायक्रॉन लांबीचा असतो. डोळ्यांना आरपार दिसणारी काच या किरणाला भिंतीसारखी अडवते, त्यामुळे सगळी उष्णता वरच्या पातळ थरात साठते. तेथे सूक्ष्म तडे जाऊन बारीक कपच्या उडतात आणि काच पांढरी, धुरकट दिसते.

काम करताना काचेवर ओला पातळ कागद बुडबुडे न ठेवता चिकटवावा किंवा भांड्यांच्या साबणाचा पातळ थर द्यावा. उष्णता पसरते, कपच्या कमी उडतात. इंचाला ३०० ठिपके पुरेत; जास्त ठेवल्यास ठिपके एकमेकांत मिसळून कडा खडबडीत होतात. नंतर ओल्या फडक्याने पुसावे, फुंकू नये. तो काचेचा भुगा आहे.

साध्या खिडकीच्या काचेवर काम चांगले उठते. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच उष्णतेने साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून तिच्यावर तसा धुरकटपणा येत नाही. टफन केलेल्या काचेला नवख्याने हात लावू नये. ती एका क्षणात चुरा होते. गाडीच्या बाजूच्या काचा बहुधा याच जातीच्या असतात. आरसा मागच्या बाजूने कोरावा, म्हणजे रंग व चांदीचा थर निघतो. त्यासाठी अक्षरे उलटी घ्यावी लागतात. उर्दू मजकूर असेल तर उलटा केल्यावर जाणत्याकडून एकदा वाचून घ्यावा. नुक्ते कुठे गेले हे ग्राहकाच्या लगेच लक्षात येते.

धातूवर खुणा करणारा फायबर लेसर काचेतून आरपार निघून जातो. मात्र काचेखाली धातूची पट्टी ठेवली तर किरण तिच्यावर पडतो, धातूच्या वाफेचा प्लाझ्मा होतो आणि तो काचेची खालची बाजू कोरतो. जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी १९९८ च्या सुमारास ही रीत मांडली. लेसर आणि प्लाझ्मा एकत्र येतात ते इथे. ज्यांच्याकडे असे यंत्र आधीच आहे त्यांनी टाकाऊ तुकड्यावर प्रयोग करून पाहावा. पण हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि थेट पडद्यावर पोहोचतो. त्या लांबीसाठीचाच चष्मा हवा.

आपल्या विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी. लेसरची काचेची नळी पाण्याने थंड ठेवावी लागते; पाणी १५ ते २५ अंशांत असावे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बादली आणि पंप पुरत नाहीत, थंड करणारे चिलर लागते. ते किमतीत धरलेले नसेल तर हिशेब चुकतो. नळीला दहा हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून अर्थिंग पक्के असावे. नळी काही हजार तासांनी बदलावीच लागते.

यंत्र घेण्यापूर्वी आपल्या दुकानातील काचेचे आणि आरशाचे चार तुकडे विक्रेत्याकडे न्यावेत व समोर कोरून घ्यावेत. नळीची किंमत, चिलर आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार हे पावतीवर लिहून घ्यावे.