घरगुती लॅपटॉपची निवड : २००७ ते २०२५ या काळाचा मागोवा

भारतातील मध्यमवर्गीय घरांत लॅपटॉप ही चैनीची वस्तू न राहता गरजेची वस्तू झाली, ती साधारणपणे २००७ नंतरच्या दीड-पावणेदोन दशकांत. आणि या काळातील स्वस्त यंत्रांचे प्रयोग क्रमाने पाहिले असता असे दिसते की, किंमत खाली आणण्याचे बहुतेक प्रयत्न साठवणुकीच्या, म्हणजे माहिती कायम जतन करणाऱ्या भागाच्या, प्रश्नावर अडले, तर ग्राहकाचे लक्ष मात्र प्रोसेसरच्या नावावरच खिळून राहिले.

संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये मांडलेली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील छोट्या शाळेपर्यंत पोहोचली. तो प्रकल्प शाळकरी मुलांसाठी होता आणि प्रत्यक्ष उत्पादनात त्या यंत्राची किंमत १८८ डॉलरच्या घरात गेली; तरीही लहान, स्वस्त आणि पुरेसे यंत्र बनवता येते हा विश्वास त्याने उद्योगाला दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस आसुस कंपनीचा ‘ई पीसी’ आला. ७ इंची पडदा, ५१२ एमबी रॅम आणि ४ जीबी साठवण एवढ्यावर लिनक्स चालवणाऱ्या या यंत्राने ‘नेटबुक’ हा प्रकार रूढ केला. पुढे बहुतेक नेटबुकांवर विंडोज एक्सपी आली आणि मराठी वाचकापुढे एक वेगळीच अडचण उभी राहिली : एक्सपीमध्ये देवनागरीची जोडणी मुळात सुरू नसे, त्यामुळे जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला दिसे, ती सुविधा बसवायला अनेकदा मूळ सीडी लागे आणि नेटबुकला सीडीचा कप्पाच नसे.

या मालिकेतील सर्वांत बोधप्रद टप्पा २०१६ चा आहे. मुंबईच्या आयबॉल कंपनीने त्या वर्षी ९,९९९ रुपयांना ‘कॉम्पबुक’ आणले, ज्यात ११.६ इंची पडदा, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण आणि पूर्ण स्वरूपातील विंडोज १० होती. दहा हजारांच्या आत खरा लॅपटॉप मिळावा ही आकांक्षा मोलाची होती, यात शंका नाही. मात्र या वर्गातील यंत्रांची साठवण ‘ईएमएमसी’ प्रकारची, म्हणजे मोबाइलप्रमाणे मुख्य फळीवर कायमची सोल्डर केलेली चिप असे, त्यामुळे ती काढून मोठी बसवण्याचा मार्ग नव्हता. ३२ जीबीपैकी बराच भाग विंडोजच व्यापत असे, उरलेल्या जागेत घरातील फोनवरची छायाचित्रे उतरत, आणि विंडोजची मोठी सुधारणा आली की ती अनेक जीबी मोकळी जागा मागे. मग छायाचित्रे पेनड्राइव्हवर हलवायची किंवा सुधारणा टाळून सुरक्षेशी तडजोड करायची, एवढेच पर्याय राहत. मायक्रोसॉफ्टनेच २०१९ च्या आवृत्तीत किमान साठवण ३२ जीबी ठरवली आणि नव्या यंत्रांवर सुमारे ७ जीबी जागा सुधारणांसाठी राखून ठेवण्याची व्यवस्था केली, यावरून ही अडचण किती सार्वत्रिक होती हे कळते.

याच सुमारास थोडी जास्त किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला ‘आय थ्री’ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्ड डिस्क असा संच मिळत असे. हजार जीबीचा आकडा डोळ्यांत भरणारा होता. परंतु हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला बहुधा ५,४०० फेरे घेणारी चकती, आणि तिच्यावर विखुरलेल्या नोंदी वाचताना वाचनशीर्षाला दर वेळी जागा बदलावी लागत असल्याने सेकंदाला जेमतेम शंभरेक नोंदी हाती येतात, तर फिरता भाग नसलेल्या एसएसडीमध्ये ही संख्या हजारोंच्या घरात जाते. प्रोसेसर रिकामा बसलेला आणि चकतीचा दिवा अखंड लुकलुकणारा, अशा अवस्थेत ही यंत्रे दोन-तीन वर्षांत ‘जुनी’ ठरवून बाजूला टाकली गेली, ही खेदाची बाब होय. एसएसडीचे भाव उतरल्यावर दुरुस्तीवाल्यांनी डीव्हीडीचा कप्पा काढून तेथे ‘कॅडी’ नावाच्या चौकटीत जुनी डिस्क बसवली, मूळ जागी २४० जीबीची एसएसडी घातली, आणि तीच यंत्रे पुन्हा रोजच्या वापरात आली. म्हणूनच साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी हा संच घरगुती कामासाठी मोठ्या नावाच्या प्रोसेसरपेक्षा श्रेष्ठ होता, हे ठामपणे म्हणता येते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने शाळा घरात आणली आणि कॅमेरा, माइक, बॅटरी या आजवरच्या दुय्यम बाबींना महत्त्व दिले. त्यानंतर आधीपासून बाजारात असलेल्या क्रोमबुककडे लक्ष गेले, २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांचे जिओबुक आले. दोन्हींचा भर इंटरनेटवर होता आणि साठवण पुन्हा ६४ जीबीच्या आसपासच राहिली.

दरम्यान, कंपन्यांनी वापरून काढलेली व्यावसायिक यंत्रे तपासून-दुरुस्त करून विकण्याचा, म्हणजे ‘रिफर्बिश्ड’ मालाचा, व्यापार वाढला. रॅम वाढवता येणारी आणि डिस्क सहज बदलता येणारी ही मजबूत यंत्रे बेताच्या किमतीत उत्तम ठरत होती. पण विंडोज ११ ने ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलची साधारणपणे आठव्या पिढीपासूनची चिप अनिवार्य केली, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपल्यावर सहाव्या-सातव्या पिढीची सुस्थितीतील यंत्रेही अधिकृत वाटेबाहेर पडली. ज्या घरात ब्राउझर, पत्रव्यवहार, वीजबिल आणि मराठी टंकलेखन एवढेच काम आहे, तेथे अशा यंत्रावर लिनक्स बसवणे हा आज व्यवहार्य पर्याय आहे, कारण इनस्क्रिप्ट कळफलक आणि देवनागरीची नीट जोडणी या दोन्ही सोयी त्यात विनाशुल्क मिळतात.